परसातली हळद

प्रभावती वकिलीणबाईंनी टेबलावरचे कागद एका बाजूला सारले आणि बेबीनंदाला सरळच विचारलं, "वसंताला पोलिसांनी नेलं तेव्हा तो धड होता, हे छाती ठोकून सांगणारं कुणी आहे का? सदऱ्यावरून बघितलेलं नको मला. त्याचं उघडं अंग त्या दिवशी डोळ्यांनी बघितलेलं माणूस पाहिजे."

असं माणूस होतं, आणि ते वकिलीणबाईंच्या समोरच्याच खुर्चीत बसलं होतं. पण हो म्हणावं तर सासऱ्याची अब्रू भर कोर्टात उघडी पडत होती, आणि नाही म्हणावं तर दिराला मारणारा फौजदार मिशीला पीळ देत घरी जात होता. बेबीनंदा पदराचा काठ चिमटीत धरून बसली.

जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानांच्या वर प्रभावतीबाईंचं ऑफिस. खाली हमालांची आरडाओरड, रिक्षांचे हॉर्न, आणि वर ही बाई आपली शांतपणे बोलतेय. वसंता ठाण्यात मेल्यावर मोर्चे निघाले, बोंबाबोंब झाली, तेव्हा कुठं सीआयडीनं फौजदारावर केस उभी केली आणि सरकारनं या बाईंना खास वकील म्हणून नेमलं. दोन वर्षं होत आली होती त्याला. एकोणीसशे नव्व्याण्णव साल अर्धं संपलं होतं आणि केस आता कुठं साक्षीला लागली होती.

"हे बघा," प्रभावतीबाई म्हणाल्या, "फौजदाराचं म्हणणं काय? वसंता आदल्या दिवशी राजूरच्या रस्त्याला मोटरसायकलवरून पडला. मार आधीचाच होता, आम्ही बोटसुद्धा लावलं नाही. आणि डॉक्टर म्हणतात, जखमा एक ते तीन दिवसांच्या असू शकतात, नक्की सांगता येत नाही. झालं! सगळं लोंबकळत राहिलं."

"न्हाई पडला तो कुठं! गाडी तरी होती का त्याच्याकडं? बियाण्याच्या गोदामात पोती उचलत होता तो!"

"मला पटतंय हो. जज्जाला पटलं पाहिजे." त्यांनी एक फाईल पुढं ओढली. "ऑस्ट्रिया म्हणून एक देश आहे, युरोपात. तिथल्या पोलिसांनी एका माणसाला चौकशीला धरून नेलं. सुटून आला तर दंड काळानिळा. पोलीस काय म्हणाले असतील, सांगा बरं?"

"काय?"

"गाडीतून उतरताना घसरला, दारावर आपटला."

बेबीनंदाला त्या घडीलाही हसू फुटलं. "अगं बया! सगळ्या जगातले पोलीस एकाच शाळेत शिकले का काय ताई?"

"तसंच दिसतंय," प्रभावतीबाईही हसल्या. मग त्यांचा आवाज गंभीर झाला. "तो माणूस हरत हरत युरोपाच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला. त्या कोर्टानं सांगितलं, माणूस तुमच्या ताब्यात होता ना? मग त्याच्या अंगावर जखमा आल्या कुठून, ते तुम्ही सांगा. पटेल असं सांगा. नाही सांगता आलं तर दोष तुमचा. मारणारा कुणी साक्षीदार ठेवून मारत नाही, हे त्या कोर्टाला कळलं."

"मंग झालं की! आपला बी निकाल लागला."

"इतकं सोपं असतं तर काय पाहिजे होतं! ते कोर्ट त्यांचं. आपल्या जज्जावर त्याची सक्ती नाही. पण ताब्यातल्या माणसाला छळणार नाही, असा जगाचा एक करार आहे, आणि त्याला आपल्या देशानंही होकार दिलाय. आपलं सुप्रीम कोर्ट अशा करारांकडं बघून नियम घालून देतं. आणि आपल्याच पुरावा कायद्यात एक जुनं कलम आहे, जी गोष्ट खास ज्याची त्यालाच माहीत, ती त्यानंच सिद्ध करायची. कलम आहे, पण पोलिसांवर ते लावायला खालची कोर्टं बिचकतात. मी हा परदेशचा निकाल त्या कलमाच्या शेजारी नेऊन ठेवणार आहे. बघा साहेब, तिकडं धीर केला, आपल्याकडं तर कायदाच आहे, तुम्हीही करा." त्यांनी फाईल मिटली. "पण पहिली पायरी आपली आहे, बेबीनंदाबाई. माणूस नेला तेव्हा धड होता, एवढं आपण दाखवायचं. ते दाखवलं की पुढचं सगळं ओझं फौजदाराच्या डोक्यावर. नाही दाखवलं, तर हा निकाल रद्दी."

बेबीनंदानं मान खाली घातली. "विचार करून सांगते," म्हणाली आणि उठली. प्रभावतीबाईंनी तिला अडवलं नाही. फक्त जिन्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "परवा तुमची साक्ष आहे. तुमच्यानंतर लगेच गुरुजींची."

आता या गुरुजींचं सांगितल्याशिवाय पुढचा घोळ कळायचा नाही. पुंजाराम गुरुजी म्हणजे बेबीनंदाचे सासरे. राजूरच्या पुढं आडवळणाच्या गावात राहायचे. शाळामास्तर होते, रिटायर झालेले. पोरवयात बापाबरोबर त्यांनी धम्म घेतला आणि तो असा घेतला की अंगात भिनवला. पंचक्रोशीतली बौद्ध समाजाची लग्नं तेच लावायचे. पांढरे कपडे, वंदना, दोन शब्द उपदेश, संपलं. हळद, बाशिंग, देवक, सगळ्याला साफ मनाई. "जिथं हळद, तिथं मी न्हाई," असं ते तोंडावर सांगायचे, आणि एकदा सख्ख्या भाच्याच्या मांडवातून, नवरदेवाच्या कपाळावर पिवळं बघून, ताटावरून उठून आले होते. हट्टी माणूस! पण वाईट म्हणायची सोय नाही. सून सातवी शिकून आली होती, तिला घरी बसवून, पाढ्यांपासून इंग्रजीपर्यंत शिकवून, त्यांनी दहावी पास करवली. गावात कुणी सासऱ्यानं असं केलेलं नव्हतं. बेबीनंदा त्यांना मामा म्हणायची, आणि बापाहून जास्त मानायची.

तर अशा माणसाच्या घरात हळद झाली होती.

केली ती सासूबाईंनी, गोजरबाईंनी. वसंताच्या लग्नाच्या दिवशी पहाटे. गुरुजी पुढं मांडवात खुर्च्या मोजून घेत होते आणि गोजरबाईंनी बेबीनंदाला हळूच परसात ओढलं. "थोरल्याला लावू दिली न्हाई त्यांनी. मी गप बसले. आता ह्याला तरी लावते. माझं लेकरू कोरडंच मांडवात जावं का गं? दार लाव, जल्दी." शेजारची गिरिजाबाई आली, आणखी दोघी आल्या. आडोसा केलेल्या न्हाणीत वसंता पंचा नेसून पाटावर बसला. एवढा दांडगा गडी, पण हळदीचा हात लागला की अंग चोरायचा. "वैनी, गुदगुल्या होऊन राह्यल्या की," म्हणून खिदळायचा, आणि गोजरबाई तोंडावर बोट ठेवून "श्श, तुझा बाप ऐकंल" करायच्या. बायका तोंडात पदर कोंबून हसत होत्या. बेबीनंदानं त्याच्या पाठीला, दंडांना, पायांना हळद चोळली, आणि ऊन पाण्यानं आंघोळ घातली. अंगावर एक ओरखडा नव्हता. डाव्या खांद्यावर पोती उचलून पडलेला घट्टा तेवढा होता.

आंघोळ होऊन त्यानं नवा सदरा अंगात घातला, केस अजून ओले होते, तेवढ्यात जीप आली. गावातल्या बड्या शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली होती आणि फौजदाराला कुणाचं तरी नाव पाहिजे होतं. "दोन सवाल विचारतो अन् सोडतो," म्हणाले. गुरुजी हात जोडून म्हणाले, साहेब, आज पोराचं लगीन आहे. दुसऱ्या दिवशी रात्री निरोप आला, पोरगं दवाखान्यात नेताना गेलं म्हणून. नवरीकडची माणसं तोवर मांडवात बसून होती.

त्यानंतर सीआयडीचे साहेब जबाब घ्यायला घरी आले. समाजाची पाचपन्नास माणसं ओसरीवर. त्यांच्यादेखत साहेबांनी विचारलं, त्या दिवशी हळदीच्या वेळी कोण कोण होतं? आणि गुरुजी ताठ मानेनं म्हणाले, "आमच्या घरात हळद होत न्हाई. झाली न्हाई. मुलगा सदरा घालून दारात उभा होता, तिथून नेला." तसंच लिहून घेतलं. बेबीनंदाचा जबाब झाला तेव्हा मामा समोरच बसलेले. तिनं हळदीचा ह काढला नाही. तेव्हा तिला काय ठाऊक, की या एका शब्दावर पुढं सगळं अडणार आहे! तिला वाटलं, लेकरू तर गेलंच, आता म्हाताऱ्याची मान कशाला खाली घालायची.

गोजरबाई वर्षाच्या आत गेल्या. पोराचं नाव घेतघेत गेल्या. गिरिजाबाईच्या मुलाला पोलिसांनी उगीच दोनदा ठाण्यात बसवून ठेवलं, तेव्हापासून ती बेबीनंदाला बघून वाट बदलायची. बाकीच्या दोघींनी तर कानावर हात ठेवले, आम्ही त्या दिवशी गावातच नव्हतो म्हणाल्या. म्हणजे आता राहिली एकटी बेबीनंदा.

त्या दिवशी ती जालन्याहून एसटीनं परत आली, तर फाट्यावर पोलिसांची जीप उभी. फौजदार निलंबित होता, पण त्याचे सोबती नव्हते ना! एक हवालदार खाली उतरला, गोड आवाजात म्हणाला, "काय वैनी, वकिलीणबाईकडं गेल्ता वाटतं? बरं हाय ना सगळं? धाकटा दीर धर्मराज कॉलेजला जातो ना तुमचा? जालन्यात खोली कुठंशी हाय त्याची?"

"बरं हाय," बेबीनंदा एवढंच बोलली आणि पाय उचलत सुटली. घरी पोचेपर्यंत तिला मागं वळून बघायचा धीर झाला नाही.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला, सर्जेरावला सगळं सांगितलं. हळदीचं त्याला माहीत होतं. तो गुराला पेंड घालत होता, हात तसाच थांबला.

"तू येडी झालीस का?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "बापानं जन्मभर जे सांगितलं, ते त्यांच्याच घरात मोडलं, हे तू कोर्टात सांगणार? सगळी माणसं येऊन बसतील तिथं. अन् जबाबात तू बोलली न्हाईस. आता बोललीस तर खोटी तूच पडशील."

"अन् न्हाई बोलले तर?"

"तर काय, तो सुटंल. तसा बी सुटंलच. असल्यांना कधी झालीय का शिक्षा?"

"तुमचा भाऊ व्हता तो!"

"अन् हे बाप हायेत माझे!" सर्जेराव ओरडला आणि मग डोळे पुसत गोठ्यात निघून गेला. त्याच्यावर तरी राग कसा धरायचा? त्याचीही दोन्हीकडून ओढाताण चालली होती.

गुरुजी ओसरीवर चष्मा लावून वाचत बसले होते. बेबीनंदा चहा घेऊन गेली. कपबशी ठेवली आणि तिथंच उभी राहिली. "मामा," ती म्हणाली, "परवा कोर्टात..."

"घाबरू नको," गुरुजी पुस्तकातून वर न बघता म्हणाले. "जे झालं ते सांगायचं. जे झालं न्हाई ते सांगायचं न्हाई. पंचशीलात काय सांगितलंय? मुसावादा वेरमणी. खोटं बोलायचं न्हाई. बस."

तिच्या ओठांवर आलेलं पुन्हा आत गेलं. या माणसाला कसं सांगावं, की मामा, तुमच्या जबाबातच खोटं शिरलंय, आणि ते तुम्हाला माहीतसुद्धा नाही? ती चुलीपुढं जाऊन बसली. भाकरी करपली तरी तिला कळलं नाही.

कोर्टाच्या दिवशी आवारात मरणाची गर्दी. समाजाची माणसं टेम्पो करून आली होती. गुरुजींची साक्ष नंतर होती, म्हणून त्यांना बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. साक्षीदारानं दुसऱ्याची साक्ष ऐकायची नसते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, काठी दोन्ही हातांत धरून ते बसले होते. बेबीनंदा त्यांच्या समोरून आत गेली, आणि तिला वाटलं, आता परत बाहेर येईन तेव्हा हा माणूस मला ओळख देणार नाही.

ती पिंजऱ्यात चढली. समोर फौजदार, इस्त्रीचे कपडे, पान खाल्लेलं तोंड. प्रभावतीबाईंनी विचारलं, "त्या दिवशी सकाळी तुम्ही वसंताला कुठं पाहिलं?"

हातातला पदराचा काठ तिनं इतका पिळला की बोटं पांढरी पडली. मग एकदम तिच्या डोळ्यांपुढं ते पाटावरचं पोरगं आलं, "वैनी, गुदगुल्या होऊन राह्यल्या" म्हणणारं.

"परसात," ती म्हणाली. "हळद लावून आंघोळ घालत व्हते मी त्याला."

मागं बसलेल्या माणसांत कुजबुज उठली. "काय? गुरुजींच्या घरी हळद?" कुणीतरी मोठ्यानंच म्हणालं. जज्जसाहेबांनी शांत राहायला सांगितलं. प्रभावतीबाईंनी पेन खाली ठेवलं, त्यांनाही हे आजच कळत होतं. पण बाई पक्की, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. एकेक करून सगळं विचारून घेतलं. पाठ? धड. छाती? धड. पाय, तळवे? "तळव्यांना शेवटी लावली. एक रेघ बी नव्हती, साहेब." जिथं पुढं डॉक्टरांना काठीचे वळ सापडले होते, त्याच जागा होत्या त्या.

मग आरोपीचे वकील उठले. अंगापिंडानं भरलेले, आवाज खर्जातला, आणि जिभेवर साखर.

"बाई, दिराचं उघडं अंग तुम्ही चोळत होतात म्हणता?"

मागं एकदोघं फिसकन हसले. बेबीनंदाच्या कानशिलातून वाफा निघाल्या. भीती गेली कुठल्या कुठं.

"मी लगीन करून आले तवा तो शेंबूड पुसत फिरायचा, साहेब. त्याला न्हाऊ घातलंय मी, खाऊ घातलंय. तुमच्या घरी न्हाई का कुणी कुणाला न्हाऊ घालत?"

आता हसणारे वकिलांवर हसले. वकिलांनी घसा खाकरला आणि कागद वर केला. "हा तुमचा जबाब. यात हळदीचा शब्द नाही. का?"

"तवा सांगितलं न्हाई."

"का नाही?"

"मामा समोर व्हते. त्यांच्यापासून चोरून केलती."

"वा! म्हणजे सासऱ्याला फसवलं, सीआयडीला फसवलं, आणि आज एकदम खरं बोलायला आलात?" त्यांचा आवाज चढला. "तुमचे सासरे, अख्खा तालुका ज्यांना मानतो, त्यांनी लेखी दिलंय, हळद झाली नाही. मग खोटं कोण, ते की तुम्ही?"

मामा खोटे, हे शब्द बेबीनंदाच्या जिभेवर येईनात. ती नुसती जज्जसाहेबांकडं बघत राहिली. वकील हसून खाली बसले. फौजदारानं मिशीवरून बोट फिरवलं.

तिला मागच्या बाकावर बसायला सांगितलं. सर्जेराव शेजारी होता, पण त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. शिपायानं दारात पुकारा केला आणि गुरुजी काठी टेकत आत आले. आत काय बोलणं झालं, याचा त्यांना पत्ता नव्हता. त्यांनी आपल्याच माणसांचे पडलेले चेहरे बघितले, सुनेकडं बघितलं, आणि पिंजऱ्यात चढले.

प्रभावतीबाईंनी हळदीचा विषयच काढला नाही. फक्त विचारलं, पोस्टमॉर्टेम होऊन मुलाचा देह घरी आल्यावर शेवटची आंघोळ कुणी घातली? "मी. माझ्या हातानं," गुरुजी म्हणाले. अंगावर काय दिसलं? गुरुजींनी सांगितलं. पाठीवर वळ, मांड्या काळ्या पडलेल्या, तळवे सुजलेले. सांगताना त्यांचा आवाज एकदाच कापला. बाई खाली बसल्या.

खर्जातले वकील उठले. मांजरीनं उंदीर बघावा तसे त्यांचे डोळे चमकत होते. कागद गुरुजींच्या हातात दिला, सही दाखवली. "सही तुमचीच ना? यात तुम्ही म्हणता, घरात हळद झाली नाही."

"सही माझीच."

"गुरुजी, तुमची सून आत्ता याच पिंजऱ्यात शपथेवर म्हणाली, की हळद झाली, आणि तिनं मुलाचं उघडं अंग बघितलं. तुम्ही शिक्षक माणूस, धर्माचं काम करणारे. साहेबांना एवढंच सांगा, तुमच्या घरातलं खोटं कोण बोलतंय?"

गुरुजींनी चष्मा काढला. सुनेकडं बघितलं. बेबीनंदानं डोळे मिटून घेतले, तिला ते बघवेना.

"मी," गुरुजी म्हणाले.

"काय?"

"मी खोटं बोललो, साहेब." ते वकिलाकडं नाही, जज्जाकडं वळून बोलत होते. "हळद झाली व्हती. मला कुणी सांगितलं न्हाई. पण पोराला शेवटचं न्हाऊ घालताना त्याच्या कानामागं हळद व्हती. बेंबीत व्हती, नखांत व्हती. मला तवाच कळलं. अन् मी ती चोळून चोळून काढली, कारण बाहेर समाज बसला व्हता. मंग जबाबात झाली न्हाई म्हणालो." त्यांनी कठडा घट्ट धरला. "एवढे काळेनिळे वळ समोर दिसत व्हते, त्यांची लाज ज्यांना वाटायची त्यांना वाटली न्हाई. अन् मी लाजलो कशाला, तर हळदीला. माझी सून खरं बोलली. तिच्यावर खोटेपणाचा डाग लावू नका."

बेबीनंदाच्या तोंडून हुंदका फुटला आणि तो साऱ्या कोर्टाला ऐकू गेला. सर्जेरावनं तिचा हात धरला. आणि ती खर्जातली साखर पार विरघळली. वकील जबाबाचा कागद परत घेऊन खाली बसले.

पुढं युक्तिवाद झाले तेव्हा प्रभावतीबाईंनी तो परदेशचा निकाल जज्जसाहेबांपुढं ठेवला. आरोपीचे वकील उसळून म्हणाले, "साहेब, हे जालना आहे. युरोपातल्या कोर्टाचा इथं काय संबंध?"

"गाडीच्या दारावर पडल्याची गोष्ट तिकडंही चालते, इकडंही मोटरसायकलवरून पडल्याची चालते," बाई म्हणाल्या. "मग तिकडचं उत्तर इकडं का चालू नये? आणि मी तर शेवटी आपलाच कायदा लावा म्हणतेय. मुलगा आधीच जखमी होता, तर ताब्यात घेतल्या घेतल्या त्याचं अंग तपासून लिहून का ठेवलं नाही? सुप्रीम कोर्टानं तो नियम घालून दिलाय."

"नियम मागणी केली तर आहे. वसंतानं मागणी केली नाही," वकील म्हणाले.

जज्जसाहेबांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. "नवरदेव लग्नातून उचलून आणलाय. अंगभर मार घेऊन तो हळद लावून घेत बसला होता, असं तुमचं म्हणणं आहे का?"

निकाल लागायला पुढचा उन्हाळा उजाडला. जज्जांनी लिहिलं, की परदेशातला निकाल या न्यायालयाला बांधत नाही, पण त्यातला विचार आणि आपल्या पुरावा कायद्यातलं कलम एकच गोष्ट सांगतात. माणूस धड नेला हे सिद्ध झालंय, तो मेलेला का परत आला हे आरोपीनं सांगायचं होतं, आणि ते त्याला सांगता आलेलं नाही. फौजदाराला सात वर्षं सक्तमजुरी झाली. तो औरंगाबादला खंडपीठात अपिलात गेला, ते अजून चालूच आहे. कुणी पेढे वाटले नाहीत. गोदामातल्या हमालांनी तेवढी एक दिवस सुट्टी घेऊन वसंताच्या फोटोला हार घातला.

हळदीचं मात्र समाजात गाजलं. काहीजण गुरुजींना लग्नं लावायला बोलवेनासे झाले.

आणि मग दोन हजार एक साली धाकट्याचं, धर्मराजचं लग्न निघालं. बेबीनंदानं मनाशी ठरवून टाकलं होतं, यावेळी काही करायचं नाही. झालं तेवढं पुरे. लग्नाच्या पहाटे ती चुलीपुढं बसलेली, तर गुरुजी काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात आले.

"बेबी, हळद कालवली का?"

तिला वाटलं आपल्याला ऐकू चुकीचं आलं. "न्हाई, मामा."

"कालव."

"मामा, तुम्ही तर..."

"मी मानत न्हाई," गुरुजी म्हणाले. "आजबी न्हाई, अन् मरेस्तोवर मानणार न्हाई. तरी कालव. अन् परसात न्हाई, पुढं मांडवात पाट मांड. गिरिजाबाईला बोलाव, गल्लीतल्या सगळ्या बायांना बोलाव. दार सताड उघडं ठेव. पोराचं अंग बघून घेऊ दे सगळ्यांना, नीट बघून घेऊ दे."

गिरिजाबाई आली. आधी उंबऱ्यातच थांबली, मग बेबीनंदानं हाताला धरून तिला आत घेतलं, तशी तोंडाला पदर लावून रडायला लागली. धर्मराज पंचा नेसून पाटावर बसला. यावेळी कुणी दबकत हसत नव्हतं, पण गाणीही कुणी धरली नाहीत. गुरुजींनी मांडवाच्या तोंडाशी खुर्ची ओढली आणि पाटाकडं पाठ करून, फाट्याच्या रस्त्याकडं तोंड करून ते बसले. जीप त्याच रस्त्यानं आली होती.

बेबीनंदानं दिराच्या पाठीवरून, दंडांवरून, तळव्यांवरून हात फिरवला. मग ती सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "धड हाय. कुठं ओरखडा सुद्धा न्हाई."

"धड हाय," गिरिजाबाई म्हणाली. तिच्यामागून बाकीच्या बायका म्हणाल्या.

गुरुजींनी रस्त्यावरची नजर काढली नाही, नुसती मान हलवली.